खर्जातली भुणभुण

ब्रह्माघाट, वाराणसी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शरू,

ताईचा आशीर्वाद आहेच, तो काही वेगळा मागायला नको.

तुझं पाकीट पोचलं. आत दोन कागद आणि एक पेनड्राइव्ह. बाबांचा कागद बाबांना वाचून दाखवला, दोनदा. माझा मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला, कारण होत्याच पाच ओळी, आणि त्यातल्या दोन ‘बाबांची काळजी घे’ ह्यावर खर्च केलेल्या. घेते हो. तू लग्न करून पुण्याला गेलीस तेव्हापासून घेतेच आहे.

पेनड्राइव्हवरचं तुझं नवं पूरिया कल्याण बाबा रोज संध्याकाळी चहा झाला की ऐकतात. शेजारचे ढुंढिराजकाका काठी टेकत टेकत ऐकायला येतात. मुहल्ल्यातल्या निम्म्या बायका जिन्यावर बसतात. काका म्हणाले, बावन्न वर्षांची बाई आणि गळा इतका कोवळा, ही केवढी तपश्चर्या. सगळ्यांनी माना हलवल्या. हे सगळं वाजतंय कशावर, ते मात्र कुणी विचारलं नाही. ॲम्प्लिफायर मी बनवलाय. शाळेची प्रयोगशाळा सांभाळून, रविवारी बसून, पत्रा कापण्यापासून सगळं. पण गाणारणीला हार घालतात, वायर जोडणारीला कोण विचारतं? माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू.

आणि काल काय झालं ऐक. गाणं चालू होतं, बाबांचे डोळे मिटलेले. मधेच म्हणाले, “ती भुणभुण अजून आहे.” एवढंच. पण मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. भुणभुण आहे, मलाही ऐकू येते. घरातली वीज वरखाली होत असते आणि ॲम्प्लिफायरला सरळ लागते. नळाला पाणी थांबून थांबून येतं म्हणून आपण टाकी भरतो आणि टाकीतून धार घेतो ना, तशी विजेची टाकी लागते. तिला म्हणायचं फिल्टर. माझी टाकी लहान पडतेय, म्हणून तुझ्या सुरांच्या मागे भुणभुण राहते. ती मी काढणार. तुझ्या गाण्यासाठी नाही, बाबांनी एकदा ‘गीतानं छान केलंय’ म्हणावं म्हणून. तुला ते रोज म्हणतात. मला म्हटलेलं आठवत नाही.

आता मुद्द्याचं. सोळा फेब्रुवारीला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल ठरलाय, गुरुजी ठरलेत. बाबांना विचारलं, तुम्हाला काय हवं? शाल नको, पेढे नकोत. म्हणाले, शरूनं गावं. आईला मणिकर्णिकेवर पोचवून आल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, तो तुला माहीत आहे. काशीची शीव ओलांडायची नाही म्हणजे नाही, मग पुण्यात मुलीचं गाणं असो की आणखी काही. तेव्हा यायचं तुलाच आहे. दोन वर्षं झाली आली नाहीस. फोन केला की सुमंतराव उचलतात आणि ‘ती रियाजाला बसलीय’ म्हणतात. दिवसभर? आम्हीही गाणाऱ्या मुलीच्या घरातच वाढलो.

ताई


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

ताई,

वाकून नमस्कार. (बाबांचा कागद वेगळा आहे, हा त्यांना दाखवू नकोस.)

‘मुहल्ल्यातल्या बायका’ वाचून हसू आलं. इथे मी ‘आळीतल्या’ म्हणते आणि मग दिवसभर ब्रह्माघाट डोक्यातून जात नाही.

सोळा फेब्रुवारीला मला येता येणार नाही. रागावू नकोस. शिकवण्या आहेत, त्याच आठवड्यात एक मोठा कार्यक्रम घेऊन ठेवलाय आणि कुंभमेळ्यामुळे गाड्यांचे हाल असणार. मी बाबांसाठी खास रेकॉर्डिंग पाठवते. तुझ्या यंत्रावर ते लाव. बाबांना फरक कळणार नाही. फक्त ते स्वच्छ ऐकू येईल एवढं बघ. भुणभुण काढणारच आहेस तर नीट काढ, माझ्या आवाजावर माशी बसल्यासारखं नको.

हार आणि पोटदुखीबद्दल म्हणशील तर माझंही ऐकून ठेव. बाबांचा चहा तू करतेस. त्यांचा चष्मा तू पुसतेस. ते झोपेत कुठल्या कुशीवर वळतात ते तुला माहीत आहे. मी त्यांना पत्रात ‘तब्येत कशी आहे’ विचारते आणि उत्तर तुझ्या अक्षरात येतं. मला काय वाटत असेल, ह्याचा विचार तू एकदा तरी केलास का?

शरू


ब्रह्माघाट
९ डिसेंबर २०२४

चि. शरू,

कार्यक्रम घेऊन ठेवलाय म्हणे. बापाच्या ऐंशीनंतरच्या एवढ्या कार्यापेक्षा कुठल्या तरी सभागृहातले अनोळखी लोक मोठे. बरं. बाबांना मी सांगितलं. जेवताना त्यांनी ताक तसंच ठेवलं.

माशी बसल्याचा टोमणाही पोचला. मग मी हट्टालाच पेटले. आधी मोठा कपॅसिटर लावला, म्हणजे टाकी वाढवली. भुणभुण अर्धी झाली, गेली नाही. मग दोन कपॅसिटरच्या मध्ये चोक घालायचं ठरवलं. तांब्याच्या तारेचं ते वेटोळं विजेचे हेलकावे अडवतं. शाळेच्या भंगारात जुन्या ट्यूबलाइटचा चोक होता, तोच बसवला. अर्ध्या तासात असा तापला की वर पोळी भाजावी, आणि तुझा आवाज तर एकदम बसला, सर्दी झाल्यासारखा. खोटं का बोलू, ते ऐकून मला जरा बरं वाटलं. पण बाबांनी डोळे उघडून ‘शरूला काय झालं?’ विचारलं, तेव्हा झक मारत काढला. मग बाजारातून जाड तारेचा चोक गुंडाळून आणला. दुकानदार म्हणाला, बहनजी, भाईसाहबको भेज दीजिए, उनको समझा देंगे. मी त्यालाच पाऊण तास समजावून आले.

तरी थोडी भुणभुण होतीच. शेवटी लक्षात आलं, ट्रान्सफॉर्मर गाण्याच्या वायरीच्या अगदी बगलेत बसवला होता मी. पोरींना शाळेत हेच करू नका म्हणून ओरडते. तो दुसऱ्या टोकाला नेला, आडवा फिरवला, सगळ्या काळ्या वायरी एका स्क्रूवर आणून बांधल्या. आणि शांत झालं. इतकं शांत की मला वाटलं बंदच पडलं.

संध्याकाळी तुझं गाणं लावलं. काका म्हणाले, वा, शरू समोर बसल्यासारखी. शरूच. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि अगदी हळू म्हणाले, “अजून आहे.”

मी उठून गच्चीवर गेले आणि रडले. ह्या वयात, एका भुणभुणीवरून.

ताई


पुणे
२० डिसेंबर २०२४

ताई,

नमस्कार. तू रडलीस हे वाचून मला वाईट वाटलं. आता सोडून दे ना. बाबांच्या कानांचं वय झालंय, त्यांना काहीही ऐकू येत असेल. तू म्हणतेस यंत्र शांत आहे, मग आहे शांत.

आणि तो पेनड्राइव्ह सारखा सारखा लावू नकोस. कान लावून बसलं की नको ते ऐकू येतं. कार्यासाठी दुसरं पाठवतेय, तेच लाव, एकदाच. त्यापेक्षा बाबांना थोडं फिरवून आण. ऊन छान असेल आता.

फोन करू नकोस, घसा धरलाय.

शरू


ब्रह्माघाट
७ जानेवारी २०२५

शरदिनी,

तुझं दुसरं पाकीट आलं. आधीच्या पत्रात ‘कान लावून बसू नकोस’ असं लिहिलं होतंस, म्हणून मी कान लावूनच बसले. मी काय करावं आणि काय करू नये हे तू पुण्याहून ठरवणार?

माझ्यावर आळ आला की मी तपास पुरा करते. आधी गाण्याची वायर काढून ॲम्प्लिफायरचं तोंड बंद केलं आणि स्पीकरला कान टेकवला. काहीही नाही. मग ढुंढिराजकाकांच्या नातवाच्या मोबाइलवरचं शहनाईचं लावलं. स्वच्छ. मग तुझं लावलं. भुणभुण. तुझं दुसरं लावलं, कार्यासाठी ‘खास’ पाठवलेलं. त्यातही तीच. म्हणजे ती माझ्या यंत्रात नाही, तुझ्या गाण्यात आहे. मी दोन महिने माझं घर झाडत होते आणि केर तुझ्याकडचा निघाला. मला किती आनंद झाला सांगू. तुला तोंडावर सांगायला धावत पत्र लिहायला बसले होते.

पण मग नीट ऐकलं. माझ्या ह्या यंत्राची जी भुणभुण होती ती वरच्या पट्टीतली होती. ही खाली आहे, खर्जात, बरोबर एक सप्तक खाली. असं कधी होतं ते मला माहीत आहे. विजेचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन्ही हेलकावे वापरायला चार डायोड, म्हणजे विजेच्या एकेरी झडपा, लागतात. एकच लावला तर अर्धी वीज वाया जाते आणि भुणभुण खर्जात उतरते. एका डायोडवर ॲम्प्लिफायर आज कोणी बनवत नाही. एका मुलीनं बनवला होता. मी. कॉलेजात होते, बाबांना चार आणायला सांगितले तर एक घेऊन आले, बाकीचे पुढच्या वेळी म्हणाले. ती पुढची वेळ आली नाही, कारण त्याच महिन्यात तुझा तंबोरा आला.

त्या ॲम्प्लिफायरला माइक लावून बाबा तुझं गाणं कॅसेटवर घ्यायचे. त्या कॅसेटी तू लग्नानंतर पुण्याला नेल्यास.

आणि आता यंत्र इतकं शांत झालंय की आधी त्याच्या गडबडीत बुडालेलं एक वाक्यही वर आलं. तू तान संपवून थांबतेस, तिथे. मागे दार वाजतं आणि आई म्हणते, “हळू गं गीते, ती गातेय.”

कुठला दिवस ते मला आठवत नाही. हे रोजच व्हायचं. मी हळू, कारण तू गातेयस.

तर हे तुझं नवं रेकॉर्डिंग. बावन्नाव्या वर्षीचा कोवळा गळा. विशीसुद्धा गाठली नव्हतीस तेव्हाचं गाणं तू बापाला आजचं म्हणून पाठवलंस. ह्या म्हाताऱ्या माणसासाठी दहा मिनिटं बसून नवं गायला तुला वेळ नाही? आणि मी मूर्खासारखी त्याला हार घालत होते, आतून जळत का होईना. लाज वाटली पाहिजे.

गीता


पुणे
१९ जानेवारी २०२५

ताई,

वेळ आहे. वेळच वेळ आहे. आवाज नाही.

दोन वर्षांपूर्वी मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. तुला ‘छोटंसं काही’ म्हणून सांगितलं होतं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आणि झालं. गळ्याची एक बाजू हलत नाही. बोलते ते कुजबुजल्यासारखं, तेही चार वाक्यं. षड्ज लावायला गेले की नुसता वारा येतो. शिकवण्या नाहीत, कार्यक्रम नाहीत. फोन सुमंत उचलतो कारण माझं ‘हॅलो’ पलीकडे पोचत नाही. तू मला शिष्ट समजत होतीस, ते मला परवडत होतं.

मला त्या घरात राहायला एक आवाजच होता, ताई. तुझ्याकडे बाबांचं सगळं आहे, चहा, चष्मा, औषधं, भांडणंसुद्धा. माझ्याकडे संध्याकाळची ती अर्धी घटका होती. आवाज गेल्यावर मी बाबांची कोण उरले? वर्षातून एकदा येणारी पाहुणी. म्हणून जुन्या कॅसेटी काढल्या, एका मुलाकडून पेनड्राइव्हवर घेतल्या. त्याला भुणभुण काढून टाक म्हटलं होतं. ती काढताना गळाही पातळ होतोय म्हणाला, म्हणून राहू दिली. वाटलं, तू लावशील ते तुझ्या यंत्रावर खपेल. हे माझं पाप आहे, कबूल.

आईचं वाक्य मला ऐकू आलं नव्हतं.

आता तुझ्या हातात आहे. बाबांना सांग किंवा सांगू नकोस. पण सोळा तारखेला निदान एवढं एकदा मला त्या हॉलमध्ये गाऊ दे. नंतर मी काहीतरी कारण काढून पाठवणं बंद करीन.

शरू


ब्रह्माघाट
३१ जानेवारी २०२५

शरू,

कुंभाच्या गर्दीमुळे टपाल अडकलं होतं, आज पत्र मिळालं. मी तुला खरं ते सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. वाचल्यावर आधी मला बरं वाटलं. एक क्षणभर, पण अगदी मनापासून. वाटलं, आता घरात एकच मुलगी. आता बाबा डोळे मिटून कुणाला ऐकणार, चहा करणारीलाच ना.

मग चहा करायला गेले आणि आधण तसंच आटून गेलं. मी जमिनीवर बसून राहिले होते. तू दोन वर्षं कुजबुजते आहेस आणि मला माहीतही नाही. मी तुझा राग राग केला, तुझ्या नावानं बोटं मोडली, पण माझ्या मत्सराला तू गाणारी लागत होतीस. न गाणाऱ्या शरूचं मी काय करू, मला कळेना.

बाबांना सांगणार नाही. आणि तुझ्या त्या मुलाला जमलं नाही ते मला जमेल. शाळेच्या कॉम्प्युटरवर खर्जातली ती एकच बारीक पट्टी कापायची, गळ्याला धक्का न लावता. दाराचा आवाज आणि आईचं वाक्यही काढते. ते काढताना हात जड होणार आहे, पण हॉलमध्ये कुणी ओळखलं तर तुझी शोभा होईल. सोळाला तू अशी गाशील की कुणाला शंका येणार नाही. ही माझी जबाबदारी.

घसा सांभाळ. बोलू नकोस फार.

ताई


ब्रह्माघाट
१८ फेब्रुवारी २०२५

चि. शरू,

कार्य झालं. नीट वाच आणि बसून वाच.

गर्दी इतकी की नागपूरचे सगळे नातेवाईक स्टेशनवरूनच परत फिरले. गल्लीतून पाय टाकायला जागा नव्हती, ॲम्प्लिफायर मी डोक्यावरून हॉलमध्ये नेला. होम झाला, आम्ही बायकांनी दिव्यांचं तबक घेऊन औक्षण केलं. नव्या उपरण्यात बाबा फार छान दिसत होते. मग ढुंढिराजकाका उभे राहून म्हणाले, आता आपली शरदिनी गाणार. मी बटण दाबलं.

काय लागलं होतं, शरू. मागे काही नाही, नुसता तुझा गळा. भुणभुण नाही, खरखर नाही. लोक हलायचे थांबले. मी बाबांच्या शेजारी उभी होते, म्हटलं आता तरी म्हणतील. त्यांनी डोळे मिटले, थोडं ऐकलं, मग उघडले आणि इकडेतिकडे बघायला लागले. चेहरा अगदी हरवल्यासारखा.

“गीता कुठे गेली?”

मी वाकून म्हटलं, बाबा, मी इथेच आहे. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली.

“तू नव्हे. ह्यातली.”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला समजलं त्यांच्या मनात काय आलं. माझ्याही तेच आलं. वय झालं, मंडळी बघून गोंधळले. तेवढ्यात तुझी ती तान संपली, बाबांनी बोट वर केलं, वाट पाहिली आणि काहीच आलं नाही तेव्हा म्हणाले, “आणि तुझी आई? ती इथे ‘हळू गं’ म्हणते ना.”

मूळचा पेनड्राइव्ह पिशवीत होता. सगळ्यांसमोर गाणं थांबवलं, तो लावला. भुणभुण सुरू झाली. लोकांनी नाकं मुरडली, मागे कुणीतरी ‘अर्थिंग गडबड है’ म्हणालं. बाबा मात्र पाठ टेकून बसले. आईचं वाक्य आलं तेव्हा हसले. म्हणाले, “आता बरोबर. आता तिघी आहेत.”

घरी आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. होय, त्याच दिवशी, उपरणं खांद्यावर असतानाच. म्हटलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? तर म्हणे, आपण शिकवलेलं गाणं माणूस ओळखत नाही का? मग मला का नाही सांगितलं? म्हणे, शरूला नवं गाता येत असतं तर तिनं जुनं कशाला पाठवलं असतं, काहीतरी झालंय हे कळलं होतं, पण विचारलं असतं तर पाठवायची बंद झाली असती. आणि मी म्हटलं, ‘भुणभुण अजून आहे’ म्हणालात म्हणून मी हातांना फोड येईस्तोवर मरत होते. तर म्हणे, ती भुणभुण तुझ्या त्या पहिल्या यंत्राची, ती काढ असं मी कधी म्हटलं? त्यांनी तक्रार केलीच नव्हती, शरू. गीता अजून आहे, एवढंच ते स्वतःशी म्हणत होते. आणि मी दोन महिने त्यांच्या नाकासमोर बसून मला स्वतःलाच काढून टाकत होते.

रागही आला. तुझं गुपित त्यांनी माझ्यापासूनसुद्धा जपलं. माझं असं कधी काय जपलंय? पण मग वाटलं, ती कॅसेटमधली गीता तरी जपलीच होती, मला न सांगता.

आता ते म्हणतात, तिला लिही, गायला नको, बोलायला ये. मीही म्हणते. फिल्टरबद्दल विचारलंच शेवटी. म्हटलं, आणि यंत्र कसं झालंय? म्हणाले, छान झालंय, तू इतकी स्वच्छ कधी ऐकू आली नव्हतीस.

ताई


पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार, आणि हा कागद बाबांनाही वाचून दाखव, आता दोन कागद लिहिणार नाही.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी मूळ कॅसेट काढली आणि पहिल्यांदा माझं गाणं सोडून बाकीचं ऐकलं. आई दोन शब्द बोलून निघून जाते. मी तान घेते, दमते, श्वासाला थांबते, एकदा तर चक्क खोकते. तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच आहेस. मी गात नाही तेव्हाही तू आहेस. माझ्या लग्नाआधी बाबांनी इतकी वर्षं ती कॅसेट ऐकली, त्यात सगळ्यात जास्त कोण ऐकलं गेलं? मला इतका हेवा वाटला की सुमंतला उठवून सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही दोघी वेड्या आहात.

होळीआधी येतेय, तिकीट काढलंय. एकच सांगून ठेवते. माझं बोलणं अगदी कानाशी बसल्याशिवाय ऐकू येत नाही. तेव्हा मी असेपर्यंत बाबांच्या शेजारची खुर्ची माझी. तू समोर बस.

शरू